पलीकडच्या काठची मुलगी

आम्ही न्यूअर्कच्या त्या भागात राहायला गेलो ते निव्वळ माशांसाठी, असं आमच्या ओळखीतली मराठी मंडळी म्हणायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याची कॉम्प्युटरची नोकरी मॅनहॅटनमध्ये, त्यामुळे जर्सी सिटीत जागा घेणं शहाणपणाचं झालं असतं. पण न्यूअर्क स्टेशनच्या मागे पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांची वस्ती होती आणि तिथल्या दुकानात बांगडा डोक्यासकट मिळायचा. मी मालवणची. डोकं, कातडी आणि चव तिन्ही काढून टाकून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला मासा वर्षभर खाल्ल्यावर माझी सहनशक्ती संपली होती.

"अगं, न्यूअर्कमध्ये राहता? सेफ आहे का ते?" एक काकू प्रत्येक गेट-टुगेदरला विचारायच्या.

"आणि तो फिशचा स्मेल कसा टॉलरेट करता यार?" हा त्यांचा जावई.

वास सहन करायला नव्हे, वास घ्यायलाच आम्ही तिथे गेलो होतो. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. ते घासफूस खाणारे लोक होते आणि माणसं चांगली होती.

आमचं घर म्हणजे लाकडी तीन मजली इमारतीचा मधला मजला. तळमजल्यावर घरमालकीणबाई राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ, नेहमी काळा स्वेटर, आणि केस असे घट्ट बांधलेले की भुवया वर ओढल्या जायच्या. शाळेत स्पॅनिश शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा वारलेला, मुलगा दूर मॅसॅच्युसेट्समध्ये. भाडेकरूंशी त्या फारसं बोलत नसत. मी पहिल्यांदा तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं त्या दिवशी मात्र जिन्यावर काठीचा आवाज आला. मी दार उघडलं. वासाची तक्रार असणार, म्हणून मी भांडायच्या तयारीतच होते.

"काय शिजवतेयस?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मासे," मी म्हणाले. "आमच्याकडे असेच शिजवतात."

"ते मला कळलं. पण माशात काहीतरी भलतं घातलंयस, ते काय आहे?"

बाई आत येऊन बसल्या, ताटलीत घेऊन खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पुन्हा मागितलं. जाताना म्हणाल्या, "नेना, मीठ कमी आहे." नेना म्हणजे मुलगी. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि मला मुलगी म्हणणारं त्या देशात दुसरं कुणी नव्हतं.

बाई लेखिका आहेत हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्या सांगत नसत. आणि त्या स्पॅनिश नाहीत, हे त्या पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळ्या झाल्या होत्या. स्पेनच्या वायव्य टोकाला, समुद्राच्या कडेला गॅलिसिया नावाचा मुलूख आहे, त्या तिथल्या. तिथली भाषा वेगळी, गॅलिशियन. पावसाचा मुलूख. पुरुष बोटीवर किंवा परदेशी, आणि गाव बायकांच्या जिवावर चाललेलं. ओहोटीला बायका चिखलात वाकून शिंपल्या गोळा करतात, असं त्या सांगत होत्या तेव्हा मी म्हणाले, आमच्याकडेही खाडीत तिसऱ्या अशाच काढतात. रात्री मेणबत्त्या घेऊन मेलेल्यांची मिरवणूक गावातून फिरते, असं म्हणाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे वेताळाची पालखी फिरते. तेव्हा बाई जरा खट्टू झाल्या. आपली भुतं जगावेगळी आहेत असा त्यांचा समज होता.

शाळेत त्यांना गॅलिशियन शब्द तोंडातून गेला की हातावर छडी मिळायची. ती अडाण्यांची, गुरं राखणाऱ्यांची भाषा. शिकायचं स्पॅनिशमध्ये, पापाची कबुली स्पॅनिशमध्ये, प्रेमपत्रसुद्धा स्पॅनिशमध्ये. मग यादवी युद्ध झालं, हुकूमशाही आली, शिक्षिकेची नोकरी गेली आणि विगोच्या बंदरातून बाई बोटीनं अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसला गेल्या. तिथे लग्न, तिथेच तीन कादंबऱ्या, सगळ्या स्पॅनिशमध्ये. कविता तेवढ्या गॅलिशियनमध्ये, त्याही चार मित्रांनी मिळून छापलेल्या आणि बहुधा त्याच चौघांनी वाचलेल्या. नाव झालं ते एका कथासंग्रहानं, तोही स्पॅनिशच. आई, घर, गाय, समुद्र अशा त्या गोष्टी. त्यातली शेवटची गोष्ट, विगोच्या धक्क्यावर आई निरोप देते ती, म्हणे शाळेच्या पुस्तकात लागली होती. त्या गोष्टीत आई पानभर बोलते. समुद्राबद्दल, वाट बघण्याबद्दल. बाईंनी मला तिचं इंग्रजी करून सांगितलं तेव्हा मी चक्क रडले.

"रडू नकोस," बाई म्हणाल्या. "माझी आई असं एक वाक्य कधी बोलली नाही."

पुस्तक निघाल्यावर त्यांनी ते गावी पाठवलं होतं. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी चर्चबाहेरच्या बाकावर बसून वाचून दाखवलं. आईनं हात मांडीवर ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "फार सुंदर आहे. कुणाच्या घरच्या गोष्टी आहेत या?"

गावाहून आलेल्या एका चुलतभावानं हे ब्वेनोस आयरेसला येऊन गंमत म्हणून सांगितलं. बाई त्याच्याबरोबर हसल्या. पुढे बाई अमेरिकेत आल्या, तिकडे आई गेली. आणि आता, इतक्या वर्षांनी, बाई ते अख्खं पुस्तक स्वतःच गॅलिशियनमध्ये परत लिहायला बसल्या होत्या. हुकूमशहा मेला होता, त्यांच्या भाषेला तिकडे सरकारदरबारी मान मिळाला होता, गावाजवळचा एक छोटा प्रकाशक पुस्तक काढायला तयार होता. अडचण एवढीच होती की बाईंची नजर चालली होती. डोळ्यांच्या मधोमध डाग पडत चालले होते. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टरनं सांगितलं होतं, हे थांबायचं नाही. टाइपरायटरवर त्या बोटांच्या सवयीनं लिहायच्या, पण लिहिलेलं वाचू शकत नव्हत्या.

"मला एवढंच हवंय," त्या एकदा म्हणाल्या, "की माझ्या घरातलं कुणीतरी ते ऐकून म्हणावं, हो, हे आपलं आहे. मग डोळे गेले तरी चालतील."

घरातलं आता एकच माणूस उरलं होतं. गावी राहिलेली धाकटी बहीण. तीही निरक्षर.

आधी त्यांनी मुलाला वाचायला बसवलं. तो थँक्सगिव्हिंगला आला होता. भला माणूस, आईवर जीव होता त्याचा. पण तो लहानपणापासून आईच्या तोंडून स्पॅनिशच ऐकत आलेला. कागदावर गॅलिशियन लिहिलेलं असायचं आणि त्याच्या तोंडून स्पॅनिश बाहेर पडायचं. मुद्दाम नव्हे. दोन्ही भाषा मावसबहिणी, त्यामुळे डोळ्यांनी एक बघायची आणि जिभेनं दुसरी काढायची, हे त्याला कळतही नव्हतं. बाई काठी आपटायच्या. "जे लिहिलंय ते वाच!" "मॉम, आय ॲम रीडिंग इट!" मी वरच्या मजल्यावरून हे ऐकत होते. शेवटी तो बिचारा टर्की अर्धवट टाकून पोर्चवर सिगरेट ओढत बसला.

दुसऱ्या दिवशी बाई वर आल्या. "नेना, तुला स्पॅनिश येतं?"

"अजिबात नाही."

"गॅलिशियन?"

"मला कसं येणार?"

"उत्तम," बाई म्हणाल्या. "खाली ये."

काही न कळणारा माणूसच फक्त जे लिहिलंय ते वाचतो, असा त्यांचा हिशोब होता. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. पण व्हिसामुळे मला नोकरी करता येत नव्हती, दुपार खायला उठायची, आणि त्यांच्याकडे कॉफी चांगली मिळायची. गेले.

पहिले काही दिवस माझी धांदल उडाली. रोमन अक्षरं दिसली की जीभ इंग्रजीकडे वळायची. मग मला युक्ती सुचली. बाईंनी एकदा प्रत्येक अक्षर कसं म्हणायचं ते शिकवलं, आणि मी टाइप केलेलं पान घरी नेऊन देवनागरीत उतरवून काढायला लागले. मग काय, गाडी सुसाट. त्यांचा त आपल्यासारखाच दातांवरचा, द तसाच, ल, न, र सगळे ओळखीचे. अमेरिकन माणसाला जन्मभर न येणारे ते उच्चार माझ्या तोंडात आयते होते. बाईंनी पहिल्यांदा ते ऐकलं आणि काठी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी वाचलं. आख्ख्या गोष्टीतलं मला 'वाका' म्हणजे गाय एवढंच कळलं होतं.

असा आमचा रोजचा क्रम पडला. सकाळी त्या टाइप करायच्या, दुपारी मी उतरवायची आणि वाचायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या. मधेच हात वर व्हायचा. "थांब. हे शाळेतलं आहे." म्हणजे ते वाक्य स्पॅनिशमधून आलेलं, नुसते कपडे बदललेलं. मग तेच वाक्य त्या मोठ्यानं चार तऱ्हांनी म्हणून बघायच्या, कधी आईच्या आवाजात, कधी भाकरीवाल्या शेजारणीच्या. एखादं जमलं की मांडीवर थाप. एका परिच्छेदासाठी दोन-दोन दिवस जायचे. माझी चिडचिड व्हायची. मी म्हणायची, बाई, मूळ पुस्तक तुमचंच आहे ना, मग एवढं कशाला? त्या म्हणायच्या, माझं आहे म्हणूनच चोरी पकडता येते.

एकदा त्यांनी मला विचारलं, मी काय लिहिते. दिवाळी अंकांत माझ्या दोन-तीन कथा आल्या होत्या, ते मी जरा तोऱ्यात सांगितलं.

"कोणत्या भाषेत?"

"मराठीत."

"आणि आईशी बोलतेस?"

"मालवणीत. ती वेगळी. ती बोलायची."

"भांडतेस कशात?"

"मालवणीतच. दुसऱ्या कशात मजाच नाही."

"मग तुझ्या गोष्टीतले लोक भांडत नाहीत का?"

मला इतका राग आला की दोन दिवस मी खाली गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले, कारण गोष्ट अर्ध्यावर होती आणि गाय हरवली होती.

वर्ष सरता सरता सगळ्या गोष्टी झाल्या. शेवटची, धक्क्यावरची, तेवढी जमेना. आईचं ते पानभर बोलणं गॅलिशियनमध्ये आलं की आई नाटकातल्या राणीसारखी वाटायला लागायची. बाईंनी ते कापलं, बदललं, पुन्हा घातलं. अखेर कंटाळून म्हणाल्या, "राहू दे. बहिणीला ऐकवू, ती काय म्हणते बघू."

बहिणीला वाचता येत नाही, म्हणून कॅसेट करायचं ठरलं. "तुम्हीच वाचा," मी म्हणाले. पण त्यांना दिसत कुठे होतं? आणि पाठ म्हणायला गेल्या तर जुनी स्पॅनिश वाक्यं मधे घुसायची. तेव्हा माझ्या नवऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर, खिडक्या बंद करून, मधे मधे कुकरची शिट्टी सांभाळत, मी अख्खं पुस्तक वाचलं. मालवणची मी, न्यूअर्कच्या स्वयंपाकघरात बसून, देवनागरीतून, गॅलिशियन. नवरा म्हणाला, "तू काय बोलतेयस ते तुला कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांना तू कोण ते कळणार नाही. बेस्ट आहे हे."

कॅसेटी एका ओळखीच्या प्रवाशाबरोबर गेल्या. मग काहीच नाही. बाई दाखवत नव्हत्या, पण फोन वाजला की काठी न घेता उठायच्या. टाइपरायटरवर झाकण होतं ते होतंच. प्रकाशकाचा निरोप आला तर म्हणायच्या, अजून तयार नाही.

एका रविवारी दुपारी फोन आला. बहिणीच्या घरी फोन नव्हता, गावातल्या खानावळीतून केलेला. मी तेव्हा बाईंच्याच स्वयंपाकघरात मासे साफ करत होते. रिसीव्हरमधून बहिणीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. तिच्यामागे आणखी माणसं हसत, ओरडत होती. बाईंनी काही बोलायच्या आतच ती सुरू झाली. दम घेईना. मला कळलं एवढंच की ही बाई भांडतेय. बाईंचा चेहरा मात्र फुलत चालला होता. त्या मधेच माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "म्हणते, सगळं खोटं लिहिलंयस. गाय काळी नव्हती, तांबडी होती! आणि शेजारणीनं कोंबडी चोरली नाही, आम्ही तिची चोरली होती!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. आईनं 'फार सुंदर' म्हटलं होतं. बहीण म्हणत होती, खोटं. बाईंना हवं होतं ते हेच.

मग बहिणीला वाचणाऱ्या मुलीशी बोलायचं होतं. मी खवल्यांच्या हातांनी रिसीव्हर धरला. ती भरभर, लाडानं काहीतरी बोलत राहिली, मी "सी, सी" करत राहिले. बाईंना नंतर हसू आवरेना. त्यांच्या गावात 'ग' घशातून 'ह'सारखा काढतात, आणि मी सगळीकडे स्वच्छ 'ग' म्हटला होता. बहिणीची खात्री पटली होती की ही मुलगी खाडीच्या पलीकडच्या काठची. "म्हणते, पलीकडच्या पोरी जरा शिष्ट असतात, पण आवाज चांगला आहे."

बाईंनी पुन्हा फोन घेतला. आता बहीण हळू बोलत होती. मागचा गलकाही थांबला होता. बाई एकदा फक्त "काय?" असं म्हणाल्या, तेवढं मला त्या भाषेतलं येत होतं. मग खुर्ची शोधत त्यांचा हात हवेत फिरला, मी खुर्ची पुढे केली. फोन ठेवल्यावर त्या गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. मी नळ बंद केला.

"धक्क्यावर आई नव्हती," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बोटीवरून मी आईला बघत होते. तिची ती राखाडी शाल. बोट वळेपर्यंत ती हात हलवत होती. तीच गोष्ट मी लिहिली. ती शाल बहिणीनं घेतली होती. ती तेव्हा सोळा वर्षांची, उंचीला आईएवढी. आईच्या पायांत उभं राहायचं बळ उरलं नव्हतं. ती माशांच्या पेट्यांमागे जमिनीवर बसली, शाल काढून हिच्या अंगावर घातली आणि म्हणाली, तू हात हलव. तिला वाटू दे मी उभी आहे." मग म्हणाल्या, "आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. माझी बहीण म्हणते, पुस्तकात तू आईला इतकं बोलायला लावलंस, मला राहवलं नाही."

मी मासे तसेच सोडून त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. आयुष्यात मला कुणाची इतकी दया आणि इतका हेवा एकदम वाटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाइपरायटर वाजला. दुपारपर्यंत थांबला. शेवटची गोष्ट दीड पानाची झाली होती. आई तिच्यात एकच वाक्य बोलते, तेही बोटीवरच्या मुलीला ऐकू न जाणारं: तू हात हलव. मी देवनागरीत उतरवून वाचली. बाईंचा हात एकदाही वर झाला नाही.

पुस्तक छापून आलं तोपर्यंत त्यांना समोरचं काहीच दिसत नव्हतं. त्यांनी पानं चाळून ती गोष्ट बोटांनी शोधली, शेवटची आणि सगळ्यांत छोटी. मुलानं विचारलं, आता ही नवी गोष्ट स्पॅनिशमध्येही करायची का? बाई म्हणाल्या, "नको. तिकडे आईला उभं राहू दे."

मुंबईहून निघताना माझी आईही सांताक्रूझच्या विमानतळावर गॅलरीत उभी होती. हिरवं लुगडं. मी विमानाच्या पायऱ्या चढेपर्यंत हात हलवत होती, मला स्पष्ट आठवतं. पुस्तक आलं त्या रविवारी मी तिला फोन लावला. ती तेव्हा भावाकडे होती, फोन शेजाऱ्यांचा, म्हणून तिला हाक मारून आणावं लागलं. लाइन खरखरत होती.

"आये," मी म्हटलं, "मी इलंय तेव्हा गॅलरीत तू होतंस मां? हात तूच हलवी होतंस?"

पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं, फोन कट झाला.

"ता आता कित्याक व्हया तुका?" आई म्हणाली. "जेवलंस काय गो?"